मायचा रुपया आणि अमेरिकेचा कागद



माघ पौर्णिमेची कचारगडची यात्रा संपली. धनेगावातले मंडप उतरले, पिवळे दुपट्टे धुऊन दोरीवर वाळत पडले. त्यानंतरच्या पहिल्याच बैठकीला आमच्या बचत गटातल्या एक आजी पदराच्या गाठीत काहीतरी बांधून आल्या. बचत जमा झाली, हप्ते जमा झाले, सह्या-अंगठे झाले. मग आजींनी गाठ सोडली आणि चटईवर एक रुपया ठेवला. चांदीचा, राणीछाप, वर सोनाराने झाळून बसवलेली कडी.

"माह्या मायचा रुपया होय हा बाई. यात्रेतला दुकानवाला म्हणे, लाखाचा आहे. पण पहिले अमेरिकेचा कागद करावा लागते. आठ हजार लागतीन म्हणे. गटातून कर्ज पायजे."

आम्ही बाराही जणी एकदम गप्प झालो. आजींची नात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि फीचा हप्ता राहिला आहे, हे सगळ्यांना माहीत होते. त्यामुळे प्रश्न नुसता नाण्याचा नव्हता. आठ हजार नाण्यावर लावायचे की फीवर, असा होता. गटाची शिल्लक तेवढीच होती आणि शेळीसाठी एका मैत्रिणीने आधीच अर्ज दिला होता.

त्या दिवशी आम्ही हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. आठ दिवस मागून घेतले. पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे असे जुने रुपये असतील त्यांनी ते आणावेत असे ठरले. त्या आठ दिवसांत आम्ही जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते आज तुम्हाला सांगायचे आहे. कारण असा एखादा रुपया तुमच्याही पेटीत असेल, आणि असा एखादा माणूस तुम्हालाही भेटेल.

पुढच्या बैठकीला पाच घरांतून नऊ रुपये आले. कोणी लुगड्याच्या घडीतून काढले, कोणी देवघरातल्या डब्यातून. आम्ही ते सनावळीप्रमाणे चटईवर ओळीने मांडले. मांडता मांडता लक्षात आले, की आपल्या भागाचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहासच समोर आहे.

पण त्या ओळीच्याही आधीपासून सुरुवात करू. आपल्या लोकांना नाणे नवीन नव्हते. गढामंडल्याचा गोंड राजा संग्रामशाह याने सोळाव्या शतकात स्वतःच्या नावाची नाणी पाडली होती. देवगडच्या जाटबा राजाची तांब्याची नाणी सापडलेली आहेत. पुढे नागपूरला भोसल्यांचे राज्य आले आणि नागपुरी रुपया चालू लागला. त्या काळात देशात रुपया एकच नव्हता. नागपूरचा वेगळा, हैदराबादचा वेगळा, पुण्याकडचा वेगळा. कोणात चांदी जास्त, कोणात कमी. शिवाय वापरून वापरून नाणे झिजायचे. म्हणून बाजारात सराफ बसायचा. तो रुपया हातात घेई, दगडावर आपटून आवाज ऐके, कसोटीवर घासे, आणि सांगे की या रुपयाचे पंधरा आणेच मिळतील. जी कपात व्हायची तिला बट्टा म्हणत. नावाला बट्टा लागला असे आपण आजही म्हणतो, आणि खऱ्या माणसाला खणखणीत नाणे म्हणतो. दोन्ही बोलणी सराफाच्या ओट्यावरची आहेत.

म्हणजे नाण्याची पारख करून त्याला दर्जा लावणे ही काही अमेरिकेने काढलेली गोष्ट नाही. आपल्याकडे ते रोज चालायचे, आणि त्यात मार बहुतेक वेळा गरिबालाच बसायचा. धान्य विकून आलेला रुपया सराफाकडे नेला की बट्टा, सारा भरायला नेला की पुन्हा बट्टा.

१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने कायदा करून तिच्या ताब्यातल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी, एक भाग भेसळ. हा रुपया यंत्रावर पाडलेला, पुरता गोल, कडेला बारीक रेघा असलेला. कोणी कड तासून चांदी चोरली तर रेघा मोडलेल्या लगेच दिसत. यंत्राला कल म्हणतात म्हणून लोक त्याला कलदार म्हणू लागले. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हा शब्द अजून आहे. या रुपयाचे वजन बरोबर एक तोळा होते. त्यामुळे ज्याच्याकडे वजने नव्हती तो रुपया तराजूत टाकून तोलत असे. ऐंशी रुपये ठेवले की शेर झाला.

आपल्याकडे कलदार आला तो नागपूरचे राज्य गेल्यावर. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांत झाला. आपला सालेकसा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा तर आत्ता १९९९ साली झाला.

आता चटईवरची ओळ पाहू.

पहिला रुपया आजींचा. एका बाजूला मुकुट घातलेली राणी, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत एक रुपया, इंडिया आणि सन १८६२. आमच्यातल्या एकीने लगेच हिशेब केला, दीडशे वर्षांहून जुना आहे, मग लाखाचा असणारच! इथेच पहिली गाठ सुटली. १८६२ पासून १८७४ पर्यंत टांकसाळीत दरवर्षी रुपये पाडले गेले, पण त्यांतल्या बहुतेकांवर सन १८६२ हाच ठेवला गेला. म्हणजे बारा-तेरा वर्षांचे कोट्यवधी रुपये एकाच सनाचे. अभ्यासक त्यावरचे बारीक ठिपके मोजून कोणता कधीचा ते ओळखतात. त्यांतले काही प्रकार दुर्मिळ आहेत, पण १८६२ चा रुपया म्हणून तो दुर्मिळ असे होत नाही. जुने असणे वेगळे आणि दुर्मिळ असणे वेगळे.

दुसरा आणि तिसरा रुपया १८८० नंतरचे. त्यावर राणी ही राणी राहिली नाही, सम्राज्ञी झाली. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवून तसे जाहीर केले गेले आणि त्या सनापासून नाण्यावरचे नाव बदलले. हे रुपये आपल्याकडे आले तेव्हा रेल्वे आली होती. १८८० च्या दशकात नागपूरकडून छत्तीसगडकडे रूळ पडले, नंतर तो मार्ग बंगाल नागपूर रेल्वेचा झाला. आपले दरेकसा स्टेशन आणि जवळचा बोगदा त्याच मार्गावर आहे. डोंगर फोडायला, गिट्टी वाहायला, लाकूड तोडायला मजूर लागले. मजुरी रोख मिळू लागली. जंगलातली लाख, मोहफुले, हिरडा विकून रुपया घरात येऊ लागला. आमच्या एका मैत्रिणीच्या घरात सांगतात, की तिच्या नवऱ्याच्या पणजोबांनी रेल्वेच्या कामावर कमावलेला रुपया खर्च केला नाही, बायकोच्या गळ्यात घातला. तोच हा की दुसरा कोणता, ते आज कोण सांगणार? पण घरात तसे सांगतात.

बायकांच्या गळ्यात रुपया का गेला, हेही समजून घ्या. तेव्हा आपल्या खेड्यात बँक नव्हती. घर कुडाचे, छप्पर गवताचे. आग लागली, पूर आला, तर पळताना जे अंगावर असेल तेच वाचणार. म्हणून रुपयाला कडी झाळायची, सुतात ओवायचा आणि गळ्यात घालायचा. ती माळ म्हणजे दागिना होताच, पण त्या बाईची बचतही होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांतावर पडले. अशा वेळी माळेतला एकेक रुपया निघायचा आणि धान्य यायचे. आजींच्या आईच्या माळेत अकरा रुपये होते असे आजी सांगतात. त्या स्वतः लहान असताना सात होते. भावाच्या आजारपणात दोन गेले, बैल मेला तेव्हा तीन गेले, आजींच्या लग्नात एक गेला. एक उरला, तो हा. आम्ही दर सोमवारी वहीत लिहितो ती बचत आणि ही माळ, दोन्ही एकाच कामाच्या.

चौथा रुपया १९०६ चा, सातव्या एडवर्डचा. त्याच्या डोक्यावर मुकुट नाही. आजी म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी त्याला बोडका राजा म्हणत.

पाचवा आणि सहावा पंचम जॉर्जचे, १९१७ आणि १९१९ चे. या राजाच्या १९११ च्या पहिल्या रुपयाची गोष्ट मजेची आहे. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक छोटा हत्ती कोरला होता. पण तो असा उमटला की लोकांना डुक्कर वाटला. मोठी ओरड झाली, धर्म बाटवतात म्हणून. सरकारने तो रुपया थांबवला, बरेचसे वितळवले आणि १९१२ पासून हत्तीची सोंड, कान नीट करून नवीन ठसा काढला. म्हणून १९११ च्या रुपयाला संग्राहक आजही शोधतात. आमच्या चटईवर तो नव्हता.

१९१९ च्या रुपयाची गोष्ट मात्र आम्हाला फार लागली. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी कमी पडली, की सरकारला १९१७ साली एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. लोक कागद घ्यायला तयार नव्हते, नोट मोडून चांदी मागत होते. तेव्हा १९१८ साली अमेरिकेने कायदा करून आपल्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी इंग्रज सरकारला हिंदुस्थानसाठी विकली. थोडेथोडके नाही, पंचवीस कोटींहून जास्त डॉलर. त्याच चांदीचे रुपये पाडले गेले. म्हणजे चटईवरच्या त्या रुपयात एखाद्या डॉलरची चांदी असायला हरकत नाही. आमच्यातली एक म्हणाली, "मंग अमेरिकेचा कागद कायले पायजे, चांदीच तिकडची आहे!" सगळ्या हसल्या.

सातवा आणि आठवा रुपया १९४४ चे. दिसायला तसेच, पण १९४० साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. पुन्हा युद्ध, पुन्हा चांदीची टंचाई. जुने चांगल्या चांदीचे रुपये त्याच काळात एकेक राजाप्रमाणे चलनातून काढून घेतले. ज्यांनी परत केले नाहीत, त्यांच्याच घरी ते आज आहेत. परत न करणाऱ्यांत बहुतेक बायका असाव्यात असे आम्हाला वाटते, कारण माळेतला रुपया कोण सरकारला देणार?

नववा १९४७ चा, मागे वाघ असलेला. त्यात चांदी अजिबात नाही, तो निकेलचा आहे. फ्रिजवर चिकटवायच्या चित्राचे चुंबक लावून पाहिले तर तो पटकन चिकटला. चांदी चुंबकाला चिकटत नाही. ज्या मैत्रिणीचा तो होता ती जरा हिरमुसली. पण निदान सोनाराकडे फसणार नाही.

आता त्या कागदाचे. नाण्याला दर्जा लावायची आजची पद्धत अशी आहे. १९४९ साली विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन संग्राहकाने नाण्यांना १ ते ७० असे गुण द्यायची कल्पना मांडली. पुढे १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी अशा दोन कंपन्या अमेरिकेत निघाल्या. त्यांच्याकडे नाणे पाठवले की जाणकार ते खरे आहे का बघतात, गुण देतात आणि पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करून वर क्रमांक लिहितात. जगभरचे संग्राहक त्या डबीवर विश्वास ठेवतात. दूरच्या गिऱ्हाइकाला नाणे हातात न घेता विकत घेता येते. त्यात खोटे काही नाही.

आमच्या गटातल्या एका तरुण सुनेने हीच बाजू जोरात मांडली. ती म्हणाली, आपल्याजवळ कागद नसतो म्हणून तर व्यापारी आपल्याला फसवतो. शेतीचा सात-बारा लागतो, जातीचा दाखला लागतो, मग रुपयाचा दाखला का नको? तिचे म्हणणे आम्हाला पटले. जंगलात राहणाऱ्या माणसाने कागद नाही म्हणून काय काय गमावले आहे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पण कागद कशाचा मिळणार, हे बघावे लागते. ६० ते ७० हे गुण कधीच वापरात न आलेल्या नाण्यासाठी असतात. टांकसाळीतून निघाले आणि तसेच पिशवीत राहिले, असे नाणे. नाणे जितके हाताळले जाईल, तितके गुण खाली येतात. आणि ज्याला भोक पाडले आहे, कडी झाळली आहे, जे घासून चकाकवले आहे, त्याला साधारणपणे गुणांचा आकडाच मिळत नाही. खरे आहे पण बिघडवलेले आहे, असा शेरा मिळतो. कडी काढून टाकली तरी झाळल्याची खूण राहते आणि तीही पकडली जाते. आजींच्या रुपयाला कडी आहे. राणीचे नाक झिजून सपाट झाले आहे. आणि दर दिवाळीला आजींनी तो चिंच आणि राखेने घासला आहे. सराफाचा बट्टा गेला म्हणता म्हणता हा नवा बट्टा आला, आणि तो नेमका गळ्यात घातल्याचा बट्टा आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची, ती सगळ्यांनी लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे हा पुरावशेष ठरतो. तो सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, कुरिअरनेही नाही. दुकानदार नाणे द्या, अमेरिकेला पाठवतो असे सहज म्हणाला, पण आजींचा रुपया १८६२ चा. तो असा पाठवणे म्हणजे आजींना गुन्ह्यात अडकवणे. तो माणूस मुद्दाम फसवत होता असे आम्ही म्हणत नाही. त्याला स्वतःलाच माहीत नसेल. पण पैसे आपले आणि नाव आपले.

तिसरी गोष्ट फोनची. शेजारच्या गावातल्या एका बाईला जुन्या नाण्याचे लाखो देतो म्हणून फोन आला. आधी नोंदणीचे म्हणून, मग कराचे म्हणून, असे दोनदा पैसे घेतले आणि नंबर बंद. समोरच्याने रिझर्व्ह बँकेचे नाव सांगितले होते. मैत्रिणींनो, रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर पत्रक काढून सांगितले आहे, की बँक जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात नाही, आणि त्यासाठी कधीही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. कोणी बँकेच्या नावाने पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

आणि एक चौथी गोष्ट, आपल्या डोंगराच्या भागात उपयोगाची. घरात वारशाने आलेला रुपया वेगळा आणि जमिनीत सापडलेला हंडा वेगळा. नांगरताना, पाया खोदताना दहा रुपयांहून जास्त मोलाचे गुप्तधन सापडले तर १८७८ च्या कायद्याने ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. अशी नाणी मग संग्रहालयात जातात आणि त्यावरून इतिहास कळतो.

मग दर्जा लावून घ्यावाच नाही का? तसे नाही. कडी नसलेला, भोक नसलेला, न झिजलेला रुपया असेल, सन १९११ किंवा १९३९ यांसारखा दुर्मिळ असेल, तर जाणकाराला जरूर दाखवा. आधी नाणे तेच आहे का, एवढे विचारा. नाशिकजवळ आंजनेरीला १९८० पासून नाणेशास्त्राची संस्था आहे, नागपूरला १८६३ पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय आहे. अशा ठिकाणी नाणी वाचणारी माणसे असतात. नाण्याचा दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो काढा, वजन करून ठेवा. आणि घासू नका. पाण्याने धुवा, सुती कापडात ठेवा. खर्च किती, आणि त्यानंतर नाण्याची किंमत किती वाढेल, हे दोन आकडे शेजारी लिहा. गटात कर्ज मागताना आपण जसे लिहितो, तसेच.

आम्हीही ते आकडे लिहिले. आजींना घेऊन दोघी जणी सराफाकडे गेलो. रुपया खरा होता. झिजलेला असल्याने कडी धरूनही तोळ्याला थोडा कमी भरला. कोऱ्या रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते, यात त्याहून कमी. चांदी कितीही महाग झाली तरी तेवढ्यातून फीचा हप्ता निघणार नव्हता. लाख तर दूरच. परत येताना ऑटोत आजी काहीच बोलल्या नाहीत. आम्हालाही बोलवेना. यात्रेपासून त्या त्याच लाखावर झोपत-उठत होत्या, हे आम्हाला दिसत होते.

बैठकीत सगळे आकडे वाचून दाखवले. मग आजींनी एकच विचारले. "तो कागद केला, त मंग रुपया मले हातात घेता येईल का?"

सांगितले, नाही. तो डबीत बंद राहील. डबी फोडली की कागद गेला.

"मंग लेकराच्या गळ्यात कसा घालाचा?"

तेव्हा आम्हाला कळले. त्यांच्या घरात मूल जन्मले की बाराव्या दिवशी हा रुपया काळ्या दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात घालतात. आजींच्या घातला होता, त्यांच्या मुलांच्या घातला, नातीच्याही घातला. तीच नात आज दुसऱ्यांची बाळंतपणे करायला शिकते आहे.

आजींनी रुपया परत पदरात बांधला आणि कागदासाठीचा अर्ज मागे घेतला. मग आम्ही दुसरा अर्ज लिहिला, नातीच्या फीसाठी. शिक्षण आपल्या दशसूत्रीत आहेच. त्यावर सगळ्यांचे एकमत झाले, पण सोपे नव्हते. जिने शेळीसाठी अर्ज दिला होता तिला दोन महिने थांबावे लागणार होते. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "शेळी बाजारात दर आठवड्याला येते, परीक्षा नाही येत." तिची सही त्या ठरावावर पहिली आहे. आणि तिचा नंबर पुढच्या कर्जात पहिला, असेही वहीत लिहिले आहे.

एक गोष्ट आणखी केली. तरुण सुनेचे म्हणणे आम्ही सोडले नव्हते. रुपयाचा कागद हवाच. म्हणून तो आम्हीच केला. आजींची नात सुट्टीवर आली तेव्हा तिने गटाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर नऊही रुपयांची नोंद केली. सन, वजन, कोणाचे चित्र, कडी आहे की नाही, कोणाकडून कोणाकडे आला, माळेत किती होते, कोणता रुपया कशासाठी गेला. निकेलचा रुपयाही लिहिला. आजी सांगत होत्या आणि ती लिहीत होती. मध्येच तिने विचारले, तुझ्या मायचे नाव काय? आणि आमच्यापैकी कोणालाच ते माहीत नव्हते, इतकी वर्षे शेजारी राहून. आजींनी सांगितले. ते आता वहीत आहे.

कचारगडच्या गुहेबद्दल बाहेरची माणसे विचारतात, किती उंच, किती लांब, आशियात कितवी? आपली माणसे मात्र मोजमाप घ्यायला येत नाहीत. गुहेत कोंडलेल्या लेकरांना पारी कुपार लिंगोने सोडवले आणि जंगो रायताडने माय होऊन सांभाळले, असे आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले म्हणून येतात. नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारे डॉ. मोतीरावण कंगाली यांनी या कथा आणि गोंडी भाषा लिहून ठेवण्यात आयुष्य घातले. मोजक्या लोकांनी सुरू केलेल्या या यात्रेला आज लाखो लोक येतात. सांगितलेले लिहून ठेवले तर टिकते, एवढे तरी आम्ही त्यातून घ्यावे.

तेव्हा मैत्रिणींनो, आज संध्याकाळी पेटी उघडा. रुपया असेल तर त्याचा सन वाचा, चुंबक लावा, वजन करा. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा, हा कोणी दिला आणि बाकीचे कुठे गेले. ती सांगेल ते आजच लिहून घ्या.

जय सेवा.